पांडुरंगा, आज सतरावा लाईट

पांडुरंगा,

आज मावशीचा सतरावा लाईट, कॅन्सरवरच्या किरणांचा. आजचा धरून सतरा झाले की आठ उरतील. सकाळी धर्मशाळेतून निघताना तिने पिशवीतल्या तुझ्या फोटोला हात लावला आणि पाण्याची बाटली माझ्याकडे दिली. अर्धा लिटर. आधी लघवीला जाऊन यायचं, मग हे पाणी सावकाश प्यायचं आणि पाऊण तास धरून बसायचं. लघवीची पिशवी भरली की आतड्यांना वर सारते, किरणांच्या वाटेतून थोडं बाजूला करते. आम्ही यंत्राच्या खोलीबाहेर बाकावर बसलोय. मावशी घोट घोट पितेय, नजर घड्याळावर. तेवढ्या वेळात मला तुझ्याशी बोलायचंय.

आईला तू ओळखतोस. सतरा वर्षं ती आळंदीहून तुझ्याकडे चालत आली. 2006 साली तिची गर्भपिशवी काढली आणि पाठोपाठ पंचवीस लाईट दिले. कॅन्सर गेला तो गेलाच, पुन्हा फिरकला नाही. ते तुझे उपकार, आणि त्या डॉक्टरांचेही. पण त्यानंतरच्या आषाढीला आई चालली नाही. पाय दुखतात म्हणाली. पुढच्या वर्षीही पाय. एस.टी.ने पंढरपूरला आणली तर दर्शनबारीत उभी राहीना. लांबून कळसाला हात जोडायची आणि म्हणायची, झालं, चल. कुठे लग्नाकार्याला जायचं असलं की आदल्या रात्रीपासून जेवायची नाही. आजारपणात हिचं तुझ्यावरचं मनच उडालं की काय, असं मला वाटायचं. तसं एकदा तिला बोललेही. ती गप्प बसली.

चार वर्षांपूर्वी ती गेली, हृदयाच्या झटक्याने. तेराव्यानंतर मी तिची कापडी पिशवी रिकामी केली. तळाशी घडी घातलेला परकर, जुन्या लुगड्याचे दोन तुकडे, गाठ मारलेली प्लॅस्टिकची पिशवी आणि साबणाची अर्धी वडी. तेव्हा मला सगळं कळलं. किरणांनी तिची आतडी पोळली होती. कळा, जुलाब, कधी रक्त, कधी उठून जाईपर्यंतही दम निघायचा नाही. पाच-पाच, सहा-सहा तासांच्या बारीत ती उभी कशी राहणार होती? तुझ्या दारात आपल्याकडून घाण होईल, या धास्तीने ती चौदा-पंधरा वर्षं तुझ्यापासून लांब राहिली, विठ्ठला. तपासणीला गेलो की डॉक्टर विचारायचे, काही त्रास? ती म्हणायची, नाही. मी शेजारीच बसलेली असायचे. आणि मीही घरी आल्यावर कधी विचारलं नाही.

मावशीचा रिपोर्ट आला तेव्हा मी भीतीने वाचायला लागले. वाचता वाचता एक संशोधन हाती लागलं आणि मी रडले. आईला कुणीच नीट न विचारलेला प्रश्न त्यात विचारला होता. टाटा मेमोरियलच्या डॉ. सुप्रिया चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 ते 2019 या काळात 300 बायकांवर तो अभ्यास केला. सगळ्या आईसारख्याच, गर्भाशयमुखाचा कॅन्सर असलेल्या, ऑपरेशननंतर लाईट लागणाऱ्या. निम्म्यांना जुन्या रीतीने किरण दिले, निम्म्यांना नव्या रीतीने. कोणाला कोणती रीत, हे ना डॉक्टर ठरवत होते ना पेशंट; जणू चिठ्ठ्या टाकून ठरत होतं. आणि त्यांनी मुख्य मोजमाप कशाचं ठेवलं, तर आतड्यांच्या त्रासाचं. पुढे कित्येक महिने, कित्येक वर्षं त्या बायकांना पोटाबद्दल खोदून खोदून विचारलं गेलं.

नवी रीत काय, ते मी आबांच्या शेतावरून समजून घेतलं. आबा रात्री दारं धरायला जायचे. पाटाला पाणी सुटलं की खोऱ्याने माती ओढून एक दार बंद करायचं, दुसरं उघडायचं. ज्या वाफ्याला हवं त्यालाच पाणी, शेजारच्यात थेंब नको. या यंत्राच्या तोंडाशी टंगस्टनच्या पातळ पट्ट्या असतात. यंत्र माणसाभोवती फिरतं आणि त्या पट्ट्या सरकत राहतात, दारं धरल्यासारख्या. शिवाय किरण सोडण्याआधी यंत्र पोटाच्या आतलं चित्र घेतं. काल आतडं होतं तिथेच आज आहे का, पिशवी भरलीय का, हे पाहूनच पुढे जायचं. आईच्या वेळी रीत सरधोपट होती. तीन-चार बाजूंनी झोत आणि मधे येईल ते सगळं भाजून निघायचं. त्या वेळी तेवढंच हाताशी होतं, दोष कुणाला देऊ?

2021 मध्ये निष्कर्ष छापून आले. तीन वर्षांपर्यंत जुन्या रीतीच्या शंभरातल्या 42 जणींना आतड्यांचा बऱ्यापैकी किंवा त्याहून जास्त त्रास झाला होता, नव्या रीतीच्या शंभरातल्या 21 जणींना. कॅन्सर आटोक्यात ठेवण्यात दोन्ही रीती सारख्याच. म्हणजे आतडी वाचवली म्हणून रोगाला मोकळीक मिळाली, असं झालं नाही.

म्हणून माझं पहिलं मागणं त्या दीडशे जणींसाठी, ज्यांच्या चिठ्ठीत जुनी रीत आली. त्यांची नावं मला ठाऊक नाहीत, तुला आहेत. कुणी सही केली असेल, कुणी अंगठा उठवला असेल. त्यांनी आपला त्रास लपवला नाही. आईने पिशवीच्या तळाशी दडवलं ते त्यांनी उघड सांगितलं, दिवसाला किती वेळा, रक्त पडतं का, कपडे खराब होतात का. सांगताना त्यांना काय वाटलं असेल ते मी जाणते. त्यांच्या सांगण्यावर आज मावशीचं पोट राखलं जातंय. त्यांतल्या ज्या तुझ्या वाटेला लागून लाजेने माघारी फिरल्या असतील, त्यांना तूच आपणहून भेट.

दुसरं मागणं शंभरातल्या त्या एकवीस जणींसाठी. नवी रीत मिळूनही त्यांची आतडी दुखावली. 42 चे 21 झाले म्हणून कुणाला स्वस्थ बसू देऊ नकोस.

धर्मशाळेत आमच्या शेजारच्या खाटेवर यवतमाळकडची एक ताई आहे. तिला स्तनाचा कॅन्सर. दादरच्या या गाडगेबाबांच्या धर्मशाळेत निजताना ती दिवस मोजते, कारण गावाकडे कापूस वेचणीला आलाय आणि घरात वेचणारे हात तिचेच. पूर्वी याच दुखण्याला पाच आठवडे लाईट घ्यावे लागायचे, मग तीन आठवडे पुरतात असं दिसलं. ब्रिटनमधल्या 97 इस्पितळांत 4,096 जणांनी आणखी एका प्रयोगाला होकार दिला, आणि 2020 मध्ये कळलं की एका आठवड्यात पाच लाईटही तेवढंच काम करतात. त्यात एक गट होता, ज्याला पाच लाईटांत मिळून 27 ग्रे (ग्रे हे किरणांचं माप) दिले. दुसऱ्याला 26. फरक एकाचा. 27 वाल्यांच्या स्तनात आकसणं, घट्टपणा जास्त दिसला, म्हणून 26 वर थांबायचं ठरलं. त्या 27 वाल्या परक्या मुलखातल्या बायकांनाही तुझ्या पायाशी जागा दे, माउली. त्या आमच्याच.

आणि ज्यांचा कॅन्सर हाडांत उतरलाय, जे बरे होणार नाहीत, त्यांच्यासाठी. दुखणं कमी करायला बहुतेकांना एक लाईटही पुरतो, हे कधीच सिद्ध झालंय. अशा माणसाला दहा दहा वेळा जीपमधून हिंदकळत आणायची पाळी येऊ देऊ नकोस. त्याचे दिवस त्याला अंगणात काढू दे.

अजून एक आहे. हे यंत्र सगळीकडे नाही. किती तरी ठिकाणी आजही कोबाल्टच्या जुन्या यंत्रावर काम चालतं. कोबाल्टचं बळ सव्वापाच वर्षांत निम्म्यावर येतं. तेवढाच डोस द्यायला मग पेशंटला दुप्पट वेळ टेबलावर ठेवावं लागतं. तिथल्या बायकांच्या आतड्यांची काळजी कोण घेणार? ज्यांच्या हाती पैसा आणि सही आहे, त्यांच्या डोळ्यांपुढे एकदा माझ्या आईची ती पिशवी उघडून ठेव. आणि पहिला पेशंट यायच्या आधी, भल्या सकाळी, यंत्राचं माप तपासणाऱ्या माणसांना निवांत झोप दे, त्यांचा हात आणि डोळा चुकू देऊ नकोस.

बाटली संपली. मावशी म्हणतेय, आता लागलीय गं जोरात, पण धरते. अंगावरच्या निळ्या खुणा पुसल्या नाहीत ना, हे ती पुन्हा पुन्हा विचारतेय. नाव पुकारलं. ती आत गेली की दार बंद होतं, सगळे बाहेर येतात, किरण चालू असेतो तिथे कुणी थांबू शकत नाही. तू थांब. पाणी जागेवर राहू दे. आतडी वर राहू दे. थोडा वेळ तिला हलू देऊ नकोस.