धुक्यातील दिवा

पालीहून साखरप्यावरून आंबा घाट चढताना पावसाळ्यात असे धुके दाटते की, मोटारीचा मोठा झोत त्यातील जलकणांवर आपटून हाकणाऱ्याच्याच डोळ्यांवर परततो. म्हणून धुक्याचा दिवा खाली बसवितात. त्याचा रुंद प्रकाश रस्त्यालगतच पडतो. परंतु धुके सरल्यावरही कित्येक जण तो, व वर मोठा झोतही, तसाच ठेवितात. वाचकहो, दिवा माझा म्हणून उजेडही सर्वस्वी माझाच, हे म्हणणे न्याय्य आहे काय? समोरचा क्षणभर आंधळा होतो, आणि तो आंधळा माझ्याच दिशेने येत असतो. हे तर केवळ स्वार्थाचे उत्तर झाले! पण त्या दोघांमधून, रस्त्याच्या कडेने, कोणी पायी घरी चालला असेल, तर? त्याच्या हाती मंद करावयासही दिवा नाही.