पीर बसले की...

सावकाश वाचा. घाई करायचं काही कारण नाही.

मुरगूड मनात आणा. कागल तालुका, वेदगंगेचा काठ, मोहरमचा महिना. पीर बसलेत, म्हणजे मोहरमचे पंजे मांडलेत. समोर पंजा आहे, रेशमी कापड नेसवलेला, फुलांच्या हारांत बुडालेला. त्याची बोटं एकेक करून मोजा. मुहंमद पैगंबर, अली, फातिमा, हसन, हुसेन. शेवटच्या नावापाशी थांबा. इ.स. 680, करबला. फुरात नदी हाकेच्या अंतरावर, आणि वेढ्यात अडकलेल्या हुसेनच्या पोराबाळांना प्यायला पाणी नाही. ती तहान थोडा वेळ आपल्या घशात राहू द्या. मोहरमात रस्त्यावर सरबत वाटतात, ते या तहानेपायी.

आता मुंबईत डोंगरीला जा. तिथं शिया मातम करतात, छाती पिटून. दाऊदी बोहरा ओळीनं दिवसचे दिवस प्रवचन ऐकतात, हुसेनचं नाव निघालं की रडतात. कित्येक सुन्नी घरांत यातलं काहीच नसतं. नऊ-दहा तारखेचा रोजा धरतात, ताबूत, म्हणजे हुसेनच्या कबरीच्या प्रतिकृती, त्यांना मान्य नाहीत. त्यांच्या रोज्यामागची आठवण करबलेहूनही जुनी, मूसा आणि त्याची माणसं फिरौनच्या तावडीतून सुटली त्याची.

इथं मन लगेच पंचाच्या खुर्चीत बसतं: मग खरं कुणाचं? हा प्रश्न येऊ द्या. त्याला उत्तर देऊ नका.

परत आपल्या मुलखात या. खाईत निखारे फुललेत. नवस फेडायला एक बाई आलीय, पोराला फकीर केलंय, म्हणजे मोहरमपुरता फकिराचा वेश दिलाय. ती मराठ्याची असेल, धनगराची असेल. बेळगाव जिल्ह्यातल्या हिरेबिदनूरला तर एकही मुस्लिम घर नाही, तरी मोहरम होतो. वर्तमानपत्रं दरसाल याला 'ऐक्याचं प्रतीक' म्हणतात. मला तो शब्द तोकडा वाटतो. ती बाई ऐक्य दाखवायला आलेली नाही. पोर आजारी होतं, पिराला बोलली होती, बरं झालं, म्हणून आली. तिच्याकडे जरा जास्त वेळ बघा.

चांद्र वर्ष अकरा-एक दिवसांनी मागं सरकतं, त्यामुळं मोहरम कधी गणपतीच्या जोडीला येतो, कधी वारीच्या. 2025 साली 6 जुलैला आषाढी एकादशी आणि मोहरमची दहावी तारीख एकत्र आली. एकाच गल्लीत कुणाला एकादशी होती, कुणाला रोजा.

पुढच्या मोहरमला पीर बसले की जाऊन या. कुणी हातावर चोंगा, मोहरमची गुळाची गोड पोळी, ठेवला, तर नको म्हणू नका.