मंजुरी कुणाची?

पाळ्या, हजेरी, रजा, ओव्हरटाइम सांभाळणारं सॉफ्टवेअर येणार म्हटलं की चर्चा रंगते ती मोबाइलवर हजेरी लागेल का, याची. यंत्रणा मात्र आधी वेगळंच विचारते: या माणसाची रजा मंजूर कोण करणार? अशा वेळी एचआरकडचा हुद्द्यांचा तक्ता पुढे केला जातो. पण तो बढत्या आणि पगारवाढीसाठी काढलेला असतो. रुग्णालयात त्या तक्त्यावर नर्सच्या वर मेट्रन दिसते; आज रात्रपाळीला कोण आणि कुणाचा ऑफ पुढे ढकलायचा, हे ठरवते वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर. एखादी नर्स महिन्यातून चार दिवस दुसऱ्या वॉर्डात गेली तर तिचा ओव्हरटाइम कुणाच्या खात्यात? इन्चार्जच रजेवर असेल तर सही कुणाची? ही उत्तरं तक्त्यात नसतात, टाइम ऑफिसातल्या जुन्या क्लार्कला तोंडपाठ असतात. आणि प्रकल्पाच्या बैठकीला त्याला सहसा कुणी बोलावत नाही.

हे दुर्लक्ष किती महागात पडतं, त्याचं एक उदाहरण. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याच्या आरोग्य खात्याने मार्च 2010 मध्ये पाळ्या-हजेरीसाठी वर्कब्रेन आणि पगारासाठी सॅप अशी सॉफ्टवेअरची जोडी सुरू केली. कर्मचारी पाऊण लाखाहून अधिक. हजारोंना पगार कमी आला, काहींना जास्त, काहींना आलाच नाही. सॉफ्टवेअरमध्ये दोष होतेच, चाचण्याही नीट झाल्या नव्हत्या. पण त्याच सुमारास खात्याने पगाराच्या कामाचीही फेरमांडणी केली होती. स्थानिक पातळीवरचं काम मध्यवर्ती केंद्रांकडे गेलं आणि पगार करणारा क्लार्क व वॉर्डाचा प्रमुख यांची ओळखच तुटली. गोंधळ झाला तेव्हा फोन करायचा कुणाला, हेच अनेकांना कळेना. माझ्या मते यंत्रणेतल्या चुकांइतकंच हे महागात पडलं. 2013 च्या चौकशी आयोगासमोर एकूण खर्चाचा आकडा आला तो, पुढची काही वर्षं यंत्रणा चालवण्याच्या खर्चासह, 120 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा.

म्हणून कामाची रचना आणि सॉफ्टवेअर एकाच महिन्यात बदलू नयेच. सल्लागार रचनेचा तयार साचा घेऊन येतील, तो लगेच स्वीकारू नका. रचना बदलायचीच असेल तर आधी बदला, दोन-तीन पगार तिच्यावर काढून बघा. आणि खरेदीवर सही करण्यापूर्वी टाइम ऑफिसात बसून, मस्टर समोर ठेवून, प्रत्येक पाळीची मंजुरी कुणाची आणि तो नसेल तेव्हा कुणाची, एवढं तरी कागदावर उतरवा.