राणीची चाकरी आणि अंतःकरणाचा धर्म

अंतःकरणात मनुष्याने हवी ती श्रद्धा बाळगावी, बाह्य आचारापुरता मात्र राजशासनाचा हुकूम मानावा, असे म्हणणारे राज्य उदार समजावे की जुलमी, हा प्रश्न एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडात केवळ पंडितांच्या वादाचा नव्हता. तो दर रविवारी घरोघरी उपस्थित होत असे. १५५९ च्या कायद्याने इंग्रजी प्रार्थनाविधी सक्तीचा झाला. १५७० मध्ये पोपने राणीला धर्मबहिष्कृत करून तिच्या प्रजेला आज्ञापालनाच्या बंधनातून मुक्त केले. आणि तेव्हापासून जुन्या, म्हणजे कॅथलिक, पंथाचा भाविक, त्याच्या मनात राजद्रोहाचा लवलेशही नसला तरी, सरकारदरबारी संशयित ठरला. चर्चमध्ये गैरहजर राहणाऱ्यावरील दंड १५८१ साली दरमहा २० पौंडांवर गेला, आणि सुखवस्तू घराण्यांनाही तो देशोधडीला लावू शके.

विल्यम बर्ड हा थोर संगीतकार याच काळात, १५७२ पासून, राणीच्या चॅपेल रॉयल या खास उपासनामंडळात चाकरीस होता. १५७५ साली राणीने त्याला व त्याचा वडीलधारा सहकारी टॉमस टॅलिस याला संगीत छापण्याचा २१ वर्षांचा मक्ता सनदेने बहाल केला. नव्या पंथाच्या उपासनेसाठी त्याने ‘ग्रेट सर्व्हिस’सारखी भव्य रचना केली, आणि तोच पुरुष पुढे एसेक्समधील स्टॉन्डन मॅसी या गावी राहावयास गेल्यावर, पीटर घराण्याच्या आश्रयाने चोरून चालणाऱ्या लॅटिन उपासनेसाठीही संगीत लिहीत राहिला. त्याला दुटप्पी म्हणणे सोपे आहे. मला तो निवाडा अन्यायाचा वाटतो. राणीचे अन्न त्याने प्रामाणिकपणे खाल्ले आणि तिला आपली उत्तम विद्या दिली. जी वस्तू तिची नव्हतीच, तेवढी मात्र तिच्या स्वाधीन केली नाही.

ती वस्तू कोणती, हे त्याच्या तीन मिस्सांवरून, म्हणजे लॅटिन उपासनाविधीच्या संगीतरचनांवरून, कळते. १५९२ ते १५९५ च्या सुमारास छापलेल्या या पुस्तिकांना मुखपृष्ठ नाही, साल नाही, मुद्रकाचे नावही नाही. बर्डचे नाव मात्र आहे. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक आवाजाची पुस्तिका निराळी. जिच्या हाती वरच्या आवाजाची पुस्तिका तिला केवळ आपलीच ओळ दिसे, खर्जातल्या गायकाला केवळ त्याची. एकट्याने कितीही भक्तिभावाने ती वाचली तरी मिस्सा तिच्यात सापडायची नाही. चार आवाजांच्या मिस्सेत अखेरीस शांतीची याचना येते, तेथे एक आवाज आपल्या स्वरावर हट्टाने थांबतो, दुसरा सरकून त्याला जाऊन भिडतो, क्षणभर कानाला बोचणारा विसंवाद होतो, आणि मग पहिला पायरीभर खाली उतरतो. तोच दुसरीकडे नवा विसंवाद उभा राहतो. ही वेदना कोणा एकाच्या ओळीत लिहिलेलीच नाही. ती दोघांच्या मध्ये उत्पन्न होते.

राज्याच्या युक्तिवादातील वैगुण्य मला नेमके येथे दिसते. श्रद्धा ही मनाच्या कोपऱ्यात कुलूपबंद करून ठेवण्याजोगी ठेव असती, तर ती मनात ठेवण्याची मुभा देणारे राज्य खरोखरच उदार ठरले असते. परंतु बर्डच्या पंथाची श्रद्धा भाकरीने, द्राक्षरसाने, गुडघे टेकण्याने आणि शेजारच्या कंठाने सिद्ध होणारी होती. तिला देह हवा, आणि सोबती हवेत. अंतःकरण मोकळे सोडून सोबत्यांना बंदी करणारा हुकूम अंतःकरणालाही मोकळे ठेवत नाही.

हुकुमाची धार पुस्तकांपर्यंतही पोहोचली. संसद उडवून देण्याचा काही कॅथलिकांचा कट १६०५ च्या नोव्हेंबरात उघडकीस आला, तेव्हा त्याच साली निघालेल्या बर्डच्या ‘ग्रादुआलिया’ या लॅटिन उपासनासंगीताच्या संग्रहाच्या पुस्तिका जवळ बाळगल्याबद्दल एका फ्रेंच गृहस्थाला लंडनमध्ये पकडून न्यूगेटच्या तुरुंगात टाकण्यात आले. पवित्र वचनांत अशी काही गूढ शक्ती असते की त्यांचे एकाग्र चिंतन करणाऱ्याला योग्य ते स्वर आपोआप सुचतात, अशा आशयाचे निवेदन बर्डने त्याच संग्रहाच्या प्रस्तावनेत केले होते. वय साठीपलीकडे गेलेले, चाकरी राणीमागून गादीवर आलेल्या राजाची, आणि भोवती पंथबांधवांवर कडक नजर. अशा स्थितीत त्याने १६०७ मध्ये दुसरा भाग काढला, आणि १६१० साली दोन्ही भाग पुन्हा प्रसिद्ध केले, स्वतःच्या नावानिशी.