डाग न पडणारा रंग आणि कर्माचा प्रश्न

पाण्याने रंगवायच्या पुस्तकावर लहान मूल ओला ब्रश फिरवते आणि कोऱ्या पानावर पोपट उमटतो. पान वाळले की पोपट गायब. यात जादू काही नाही. छापील चित्रावर पांढरा सच्छिद्र थर दिलेला असतो. त्याच्या छिद्रांत पाणी शिरले की थर पारदर्शक होतो आणि खालचे चित्र दिसू लागते. दुसऱ्या प्रकारात रंग प्लास्टिकच्या बंद पिशवीत असतो आणि मूल बाहेरून बोटे दाबते. तिसऱ्यात खास मार्कर असतो, त्याची रेघ त्याच्याच कागदावर उमटते, भिंतीवर उमटत नाही. पसारा नाही, डाग नाही, हे तिन्हींचे आश्वासन. पालकांची सोय उघड आहे. पण या सोयीआड एक जुना प्रश्न दडला आहे. ज्या कृतीची खूण करणाऱ्याच्या हातावर राहत नाही आणि जगावरही राहत नाही, तिला कर्म म्हणावे का? माझ्या मते म्हणू नये, आणि याची साक्ष रायगड जिल्ह्यातच मिळते.

पेण तालुक्यातल्या गागोद्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. त्यांचे आजोबा शंभुराव गणेश चतुर्थीला घरीच चंदनाचा गणपती घडवत. त्यासाठी लागणारे चंदन उगाळायला घरातली मुले हातभार लावत. मूर्तीत प्राणप्रतिष्ठा होई, काही दिवस पूजा होई आणि मग ती पाण्यात विसर्जित केली जाई. एवढ्या खटाटोपाने केलेला, देव मानून पुजलेला गणपती बुडवायचा कसा, या कोड्याने लहानपणी आपल्याला घेरले होते आणि त्याचा अर्थ पुढे उमगला, असे विनोबांनी सांगून ठेवले आहे. हे कोडे पडायला आधी चंदन उगाळून हात भरून यावा लागतो. आयत्या आणलेल्या वस्तूचा निरोप घेताना फार तर हळहळ वाटते. स्वतः केलेली वस्तू सोडताना माणूस विचाराला लागतो.

इथे पहिला आक्षेप येतो. आपल्या परंपरेला तर नश्वर चित्रांचेच वेड आहे. रांगोळी दुसऱ्या दिवशी झाडली जाते, पार्थिव मूर्ती पाण्यात जाते. मग वाळून नाहीसा होणारा पोपट त्याच कुळीचा नव्हे का? नव्हे. रांगोळी घालणारीची चिमूट थरथरली तर रेघ वाकडी होते, आणि ती मोडायची की सावरून घ्यायची हे तिलाच ठरवावे लागते. पेणच्या गणपती कारखान्यांत साच्यातून निघालेल्या मूर्ती सारख्या असतात, तरी डोळ्यांची आखणी करणारा हात चुकला तर मूर्तीची नजरच फिरते. पाण्याच्या पुस्तकात ब्रश कसाही फिरवा, पोपट हिरवाच निघतो, कारण तो कारखान्यात आधीच रंगवून झालेला आहे. तिथे मूल चित्र काढत नाही, उघडते. विसर्जनात जाणीवपूर्वक सोडणे असते. इथे सोडण्याजोगे काही मुलाच्या हातून घडलेलेच नसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गीता फळाची आसक्ती सोडायला सांगते, मग मागे काहीच न ठेवणारा खेळ हा निष्काम कर्माचा पहिला धडा का मानू नये? विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्या प्रवचनांतला कर्मयोगी शेतात, मागावर, स्वयंपाकघरात राबणारा माणूस आहे. फळावरचा हक्क सोडणे वेगळे आणि परिणामाची जबाबदारी झटकणे वेगळे. जमिनीवर रंग सांडला तर ‘तो माझा नव्हे’ असे म्हणण्याची मुभा कोणताही कर्मयोग देत नाही. जे मिळालेच नाही त्याचा त्यागही करता येत नाही. मुलाला आधी कर्तेपण कळू द्यावे, अलिप्तता नंतर.

तिसरा आक्षेप शुचितेचा. स्वच्छता हा धर्माचाच भाग आहे, तो लहानपणापासून का शिकवू नये? जरूर शिकवावा, पण कोणती स्वच्छता, हे पाहावे. एक स्वच्छता स्पर्श टाळून राखली जाते, दुसरी माखल्यावर धुऊन मिळवली जाते. पहिलीचे टोक याच जिल्ह्याने पाहिले आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले, आणि त्यानंतर सवर्णांनी ते तळे शुद्ध करण्याचा विधी केला. खेळण्याला त्या अन्यायाच्या पंक्तीत बसवणे अनाठायी ठरेल. पण स्पर्श न होणे म्हणजेच शुद्ध असणे, ही समजूत किती दूर नेते ते विसरू नये. दुसऱ्या स्वच्छतेचा वारसाही आपल्याजवळ आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघांसह ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आसपास मिळणाऱ्या वस्तू हेच तिथले साधन होते, आणि अंगाची व परिसराची स्वच्छता हा शिक्षणाचाच भाग होता.

उरतो तो सर्वांत खरा आक्षेप. भाड्याची खोली, तासभरच येणारे नळाचे पाणी, कामावरून दमून आलेली आई. तिने डाग पुसायचे कधी? तिला दोष देणे अन्याय आहे. प्रवासात, आजारपणात किंवा हातांची हालचाल अवघड असलेल्या मुलासाठी ही खेळणी उपयोगीही पडतील. पण पसाऱ्याची धास्ती मुळात येते कुठून? पुसण्याचे काम घरात एकाच बाईवर आणि गावात ठरावीक जातींवर ढकललेले असते, तिथून. विनोबांनी १९४६ पासून पवनारजवळच्या सुरगावात रोज जाऊन सफाई केली, ती हीच विभागणी मोडण्यासाठी. रंगवणारा आणि पुसणारा एकच असला, तर पसारा हे संकट राहत नाही, तो कामाचा उत्तरार्ध होतो. म्हणून चार वर्षांच्या मुलाला रंगाबरोबर एक ओले फडकेही द्यावे, आणि त्याच्या शेजारी फडके घेऊन वडिलांनीही बसावे.