मित्राचं नाव सांगायचं का?

१९४४ ते १९५० या सात हंगामांत वेस्ट पॉइंट या अमेरिकन लष्करी अकादमीचा फुटबॉल संघ ६४ सामने खेळला. ५७ जिंकले, चार बरोबरीत सुटले, हरले फक्त तीन. त्यानंतरच्या हंगामात, म्हणजे १९५१ साली, हाच संघ नऊ सामने खेळला आणि त्यातले सात हरला. हार्वर्ड आणि पेन यांच्याशी तर एकेका गुणाने हरला. शेवटच्या सामन्यात नेव्हीने, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या प्रतिस्पर्ध्याने, ४२-७ असं लोळवलं.

कोच तोच होता, अर्ल ब्लेक. त्याच्या हाताखाली व्हिन्स लोम्बार्डी नावाचा सहायक होता, ज्याच्या नावाची ट्रॉफी आज सुपर बोलच्या विजेत्याला मिळते. शिकवणारे तेच होते, खेळणारे मात्र उरले नव्हते. ३ ऑगस्ट १९५१ रोजी अकादमीने जाहीर केलं होतं की, परीक्षेतल्या गैरप्रकारासाठी सुमारे ९० कॅडेटांना काढून टाकण्यात येत आहे. त्यातले ३७ फुटबॉलपटू होते. ब्लेकचा स्वतःचा मुलगा बॉब, संघाचा क्वार्टरबॅक, त्याच यादीत होता.

इथे फुटबॉल म्हणजे मेस्सीवाला नाही. हेल्मेट घालून, लांबट चेंडू घेऊन, अंगावर धावून जायचा अमेरिकन फुटबॉल. तिथल्या कॉलेजांचे सामने बघायला अख्खी शहरं लोटतात. वेस्ट पॉइंट हे मात्र साधं कॉलेज नाही. न्यू यॉर्कच्या उत्तरेला, हडसन नदीच्या काठावर, चार वर्षं सरकारी खर्चाने शिकायचं आणि लष्करात अधिकारी म्हणून रुजू व्हायचं. १९५१ मध्ये कोरियात युद्ध पेटलेलं होतं. १९४९ च्या संघाचा कप्तान जॉन ट्रेंट तिथेच, १९५० च्या नोव्हेंबरात, मारला गेला होता. मैदानावरून पुढे कुठे जायचंय हे या पोरांना चांगलं ठाऊक होतं.

आता गैरप्रकार काय होता ते बघा. कॅडेटांच्या दोन रेजिमेंट होत्या. दोन्हींना तोच विषय, तीच चाचणी, पण वेगवेगळ्या दिवशी. पहिल्या दिवशी चाचणी देणारे बाहेर आले की दुसऱ्यांना प्रश्न सांगायचे. बस, एवढंच.

इंजिनिअरिंग केलेल्या कुणालाही हे वाचून हसू येईल. ए बॅचची व्हायवा सकाळी, बी बॅचची दुपारी. दार उघडून पहिला पोरगा बाहेर आला की त्याच्याभोवती कोंडाळं: “एक्स्टर्नलने काय विचारलं रे?” आमच्या कॉलेजात याला कुणी कॉपी म्हणत नसे. त्याला मैत्री म्हणत. जो बाहेर येऊन काहीच न सांगता कँटीनला निघून जाई, तो खडूस ठरे.

वेस्ट पॉइंटला मात्र एक ऑनर कोड आहे. कॅडेट खोटं बोलणार नाही, फसवणूक करणार नाही, चोरी करणार नाही आणि असं करणाऱ्याला खपवून घेणार नाही. चौथी अट लेखी मजकुरात १९७० साली आली, पण त्याआधीही कॅडेट ती मानत होते. म्हणजे तुम्ही स्वतः एकही प्रश्न विचारला नाहीत, सांगितला नाहीत, पण रूममेट सांगतोय हे तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही गप्प बसलात, तर तुम्हीही दोषी. १९५१ च्या यादीत फक्त माहीत असूनही न बोललेलेही होते.

मला या सगळ्या प्रकरणात हीच चौथी अट छळते. पहिल्या तीन अटींवर वाद घालायचं कारण नाही. चौथी मात्र वीस वर्षांच्या पोराला सांगते की, मित्राचं नाव सांग.

मराठीत या कामासाठी कोणते शब्द आहेत बघा. चुगली. चहाडी. फितुरी. घरभेदी. शाळेत ‘बाईंना सांगेन हं’ म्हणणाऱ्याला कुणी डब्यातलं देत नाही. अलीकडे वर्तमानपत्रं व्हिसलब्लोअरसाठी ‘जागल्या’ लिहितात. जुना शब्द आहे, रात्री जागून गावाची राखण करणाऱ्याचा. पण जागल्या बाहेरून येणाऱ्या चोराबद्दल आरडाओरड करतो. चोर आपल्याच घरातला असेल तर काय करायचं, याला आपल्याकडे शिव्यांपलीकडे फारसा शब्द नाही. अमेरिकन इंग्रजीतही अशा माणसाला उंदीर म्हणतात, तेव्हा हे काही फक्त आपलं वैशिष्ट्य नव्हे.

त्यात ही पोरं एका संघातली. फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक चेंडू फेकायला उभा असतो तेव्हा त्याच्यासमोर पाच धिप्पाड गडी अंगावर मार झेलत उभे राहतात. त्यांना चेंडू मिळत नाही, टाळ्याही मिळत नाहीत. शेजाऱ्याला उघडं पाडायचं नाही, हे त्यांच्या हाडात भिनवलेलं असतं. लष्करालाही नेमकं हेच हवं असतं, म्हणून तर लष्करी अकादमी फुटबॉलवर एवढा जीव टाकते. दुपारी मैदानावर शिकवायचं की सोबत्याला सोडू नकोस आणि रात्री कोडने सांगायचं की सोबत्याचं नाव दे. एकाच माणसात या दोन गोष्टी राहणार कशा?

डग्लस मॅकआर्थरचंच उदाहरण घ्या. वेस्ट पॉइंटचा प्रमुख असताना १९२२ मध्ये त्यानेच कॅडेटांच्या ऑनर कमिटीला अधिकृत रूप दिलं. खेळांना सर्वाधिक उचलून धरणाराही तोच. पण १९०१ मध्ये, तो स्वतः कॅडेट असताना, रॅगिंगच्या चौकशीसाठी काँग्रेसच्या समितीपुढे उभा केला गेला, तेव्हा आपल्याला छळणाऱ्या सीनिअर्सची नावं सांगायला त्याने टाळाटाळ केली होती. ज्याच्या हातून कोडची व्यवस्था उभी राहिली, त्यालाही नाव घेताना जीभ जड झाली होती.

तरीही चौथ्या अटीच्या बाजूने एक मुद्दा आहे आणि तो मला खोडून काढता येत नाही. मित्राला वाचवण्यासाठी आपण गप्प बसतो तेव्हा त्याची किंमत कोण मोजतं? व्हायवाच्या दारात उभ्या असलेल्यांपैकी कुणीच नाही. किंमत मोजणारा तिथे नसतोच. प्रश्न माहीत नसताना प्रामाणिकपणे कमी मार्क पडलेला दुसरा कॅडेट मोजतो. पुढे या अधिकाऱ्याच्या हुकमावर जाणारा, आज कुठल्यातरी खेड्यात असलेला सैनिक मोजतो. मैत्री आपल्याला समोरचा चेहरा दाखवते, समोर नसलेला माणूस दाखवत नाही. त्याची आठवण ठेवायला नियम लागतो.

हे पुस्तकी वाटत असेल तर व्हिएतनाममधलं माय लाय आठवा. मार्च १९६८ मध्ये अमेरिकन सैनिकांनी त्या वस्तीत शेकडो निःशस्त्र गावकरी मारले आणि ते प्रकरण वर्षाहून अधिक काळ दाबलं गेलं. ते ज्या डिव्हिजनचे होते तिचा प्रमुख सॅम्युएल कोस्टर नंतर वेस्ट पॉइंटचा प्रमुख झाला होता. तो स्वतः तिथलाच माजी कॅडेट. प्रकरण दाबल्याच्या आरोपामुळे त्याला १९७० मध्ये ते पद सोडावं लागलं. आरोप पुढे मागे घेतले गेले, पण त्याची पदावनती झाली. ‘खपवून घेणार नाही’ हे शब्द कोडमध्ये लिहिले गेले तेही याच १९७० साली. त्या दिवशी हेलिकॉप्टर खाली उतरवून गावकऱ्यांना वाचवणारा आणि परत येऊन वरिष्ठांना सांगणारा ह्यू थॉम्पसन वेस्ट पॉइंटचा नव्हता. आपल्याच लोकांविरुद्ध बोलला म्हणून त्याला वर्षानुवर्षं शिव्या खाव्या लागल्या.

म्हणजे चौथी अट जिथे पोचायला हवं म्हणते ते ठिकाण बरोबर आहे. मग १९५१ चा निकाल वाचताना घशात काय अडकतं?

पहिली गोष्ट शिक्षा. त्या काळी कोड मोडण्याची शिक्षा एकच होती, हकालपट्टी. प्रश्न विकणारा, प्रश्न विचारणारा, नुसता ऐकून गप्प बसलेला, सगळ्यांना एकच. आता साक्षीदाराच्या जागी उभं राहा. मित्र फिजिक्समध्ये कच्चा आहे, त्याने एका चाचणीचे प्रश्न विचारले. तुम्ही नाव सांगितलंत तर त्याचं अख्खं करिअर गेलं. अशा वेळी कोण बोलेल? ज्याचं काळीज दगडाचं आहे तो. भला माणूस गप्प बसेल. शिक्षा जितकी जबर, तितकं सांगणं महाग आणि तितकी शांतता दाट. नियम कडक केल्याने प्रामाणिकपणा वाढतो असं आपण धरून चालतो, पण इथे कडकपणानेच माहितीचा रस्ता बंद केला.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. चौकशी मंडळापुढे जायच्या आधी खेळाडू ब्लेककडे गेले, तेव्हा त्याने खरं सांगा असाच सल्ला दिला. काढल्या गेलेल्यांपैकी अनेकांनी पुढे सांगितलं की, ज्यांनी खरं सांगितलं ते घरी गेले आणि ज्यांनी कानावर हात ठेवले त्यांतले काही तिथेच राहून पदवी घेऊन अधिकारी झाले. हे खरं असेल तर ऑनर कोडच्या चाळणीतून खाली पडले ते खरं बोलणारे. लर्नेड हँड या नामवंत न्यायाधीशासह तिघांच्या समितीने निर्णय तपासला आणि कायम ठेवला. नियमाप्रमाणे तो बरोबरच होता.

तिसरी गोष्ट मला माझ्या कामामुळे दिसते. सर्व्हर कोसळला की आमच्याकडे पोस्टमॉर्टेम होतं. चांगल्या टीममध्ये त्यात पहिला प्रश्न ‘कुणी केलं’ असा नसतो, ‘हे होऊ कसं शकलं’ असा असतो. विमान क्षेत्रात नासा १९७६ पासून वैमानिकांकडून गोपनीय अहवाल घेतं. चूक स्वतःहून कळवली तर काही प्रमाणात संरक्षण मिळतं. अर्थात चूक आणि लबाडी यांत फरक आहे, जाणूनबुजून केलेल्या कृत्याला तिथेही संरक्षण नाही. तरी प्रश्न उरतोच. तीच चाचणी दोन दिवस घ्यायचं वेळापत्रक कुणाचं होतं? सात वर्षांत तीन पराभव ही अपेक्षा कुणी लादली होती? त्या अपेक्षेचे तास अभ्यासाच्याच तासांतून जात होते, हे कुणाला दिसत नव्हतं? चौथ्या अटीचं ओझं सर्वांत खालच्या, विशीतल्या पोरांवर होतं. वेळापत्रक करणाऱ्याने काय खपवून घेतलं, हे कुणी विचारलं नाही. ब्लेकने जाहीरपणे पोरांची बाजू घेतली, राजीनाम्याचा विचार केला आणि मॅकआर्थरच्या सल्ल्यावरून राहिला.

अकादमी यातून शिकली, पण सावकाश. १९७६ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या, खोलीवर नेऊन सोडवायच्या एका असाइनमेंटमध्ये पुन्हा सामूहिक कॉपी सापडली आणि दीडशेहून अधिक कॅडेट बाहेर पडले. या वेळी त्यांतल्या बऱ्याच जणांना वर्षभराने परत येऊ दिलं आणि ‘एकच शिक्षा’ हा प्रकार संपला. २०२० मध्ये कोविडच्या काळात कॅल्क्युलसच्या ऑनलाइन परीक्षेत ७३ कॅडेट सापडले, त्यांत पुन्हा फुटबॉलपटू होते. बहुतेकांना एक वर्ष मागे टाकलं, मोजक्यांना काढलं. नेव्हीच्या अकादमीने तर वेगळाच रस्ता ठेवला आहे. तिथे सहकाऱ्याला लेखी तक्रारीत अडकवण्याआधी स्वतः त्याला गाठून जाब विचारायची मुभा आहे.

मला हा रस्ता सर्वांत माणुसकीचा वाटतो, आणि सर्वांत अवघडही. निनावी मेल पाठवणं सोपं, गप्प बसणं त्याहून सोपं. मित्रासमोर बसून ‘हे मला चालणार नाही, तू स्वतः सांग, नाहीतर मला सांगावं लागेल’ म्हणायला मैत्रीच पणाला लावावी लागते. पण मैत्री एवढंसं ओझंही पेलू शकत नसेल, तर आपण वाचवत काय होतो?

म्हणून चौथी अट मी ठेवेन, तीन शर्तींवर. सांगण्याआधी मित्राला स्वतः बोलायची संधी मिळावी. शिक्षा गुन्ह्याच्या मापाची असावी, म्हणजे सांगणाऱ्याला जल्लाद झाल्यासारखं वाटणार नाही. आणि जी अट कॅडेटला, तीच जनरलला. यातली तिसरी शर्त मोडली की पहिल्या दोन्हींना अर्थ उरत नाही, कारण वरचे एकमेकांना सांभाळून घेताना दिसले की खालचेही तेच शिकतात.

१९५३ मध्ये ब्लेकच्या नव्या पोरांनी नेव्हीला २०-७ ने हरवलं. हंगाम सात विजय, एक पराभव, एक बरोबरी असा संपला. पुनरागमनाची गोष्ट म्हणून ती सांगितली जाते आणि ती खरीही आहे. मला मात्र १९५१ चा हंगाम जास्त महत्त्वाचा वाटतो. दर शनिवारी उरलेली पोरं हरणार हे माहीत असताना मैदानात उतरत होती आणि रिकाम्या झालेल्या जागा सगळ्यांना दिसत होत्या. खरं बोलल्याची आणि गप्प बसल्याची, दोन्हींची किंमत त्या जागांवर एकदमच दिसत होती. कुठल्या खुर्चीवर कुठली किंमत, हे मात्र स्कोअरबोर्डवरून कुणालाच सांगता आलं नसतं.