वंशावळीचा दाखला आणि आपले घर

कुटुंबाला एखादी जागा आपली केव्हा वाटू लागते, याचे उत्तर बहुधा त्या कुटुंबाच्याच मनात शोधले जाते. परंतु पुष्कळदा ते आधीपासून तेथे राहणाऱ्यांच्या वागण्यात असते, ही गोष्ट बेने इस्रायल या मराठीभाषी ज्यू समाजाच्या स्थलांतराकडे पाहिले म्हणजे स्पष्ट होते.

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला, असे हा समाज परंपरेने मानत आला. कोकणात त्याने तेलाचे घाणे चालवले आणि शब्बाथला, म्हणजे धर्माने सांगितलेल्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवला. त्यावरून गावाने त्याला ‘शनवार तेली’ म्हटले. पेणकर, रोहेकर, किहीमकर ही आडनावे गावांवरून पडली. वंशावळीचा दाखला मात्र कोणी मागितला नाही. अर्थात ही उदारता प्रत्येक वेगळेपणाला एक पायरी नेमून देणाऱ्या जातिव्यवस्थेची होती, त्यामुळे तिचे फार कौतुक करण्याचे कारण नाही.

1948 मध्ये इस्रायल राष्ट्र स्थापन झाले आणि 1950 च्या परतीच्या कायद्याने जगातील कोणत्याही ज्यूला तेथे येऊन स्थायिक होण्याचा हक्क दिला. प्रार्थनेत ज्या भूमीचे नाव पिढ्यान्‌पिढ्या घेतले तीच आता बोलावत होती. तरीही तेथे जाऊन बीरशेबा शहरात राहिलेल्या या समाजातील काही कुटुंबांनी, रंगावरून दुजाभाव होतो अशी तक्रार करत, तेल अवीवमध्ये धरणे धरले आणि 1952 मध्ये ती भारतात परतली. पुढे त्यांतल्या बऱ्याच जणांनी पुन्हा इस्रायलला जाण्याची खटपट केली. याला धरसोड म्हणणे सोपे आहे, पण दोन्हीकडे अर्धेच आपलेपण मिळालेल्या माणसाने दुसरे काय करावे?

खरा घाव 1960 नंतरच्या वर्षांत बसला. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे ज्यूपण आईकडून येते, आणि इस्रायलमध्ये ज्यूंचा विवाह धर्मपीठामार्फतच होतो. या समाजात घटस्फोटाचे नियम शास्त्रानुसार पाळले गेले असतील का, अशी शंका घेऊन धर्मपीठाने रब्बींना, म्हणजे विवाह लावणाऱ्या धर्माधिकाऱ्यांना, बेने इस्रायल वधू-वरांच्या आई-आजीपर्यंतच्या पूर्वजांची चौकशी करण्याची सूचना दिली. कोकणातल्या खेड्यात जन्मलेल्या आजीचा कागद आणायचा कोठून, ही अडचण होतीच. पण तिच्याहून मोठा अपमान असा, की हा प्रश्न एकट्या याच समाजाला नाव घेऊन विचारला जात होता. समाजाने आंदोलन केले, आणि ऑगस्ट 1964 मध्ये क्नेसेटने, म्हणजे तेथील संसदेने, बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत असे जाहीर केल्यावर त्या सूचनेतून समाजाचे नाव वगळण्यात आले.

संसदेच्या ठरावाने हक्क मिळतो. आपलेपण घरातल्या रीतींनी जपावे लागते. नव्या घरात राहायला गेल्यावर मलिदा करण्याची चाल हा समाज पाळतो. पोह्यांत साखर आणि ओले खोबरे कालवून, ताटात फळे मांडून प्रेषित एलियाहूचे स्मरण केले जाते. अलिबागजवळच्या खंडाळ्याला हा प्रेषित येऊन गेला, अशी श्रद्धा आहे. जेरुसलेम जवळ असूनही कोकणातला हा विधी टाकावासा वाटला नाही, याला जुन्या गावाची ओढ एवढेच म्हणून भागत नाही. ज्या घरात पाहुणचाराची रीत आपली असते, तेथे माणूस पाहुणा उरत नाही.

या इतिहासाची एक बाजू गैरसोयीची आहे. कोकणात या समाजाने स्वतःमध्येच ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे भेद पाडले होते. मिश्र विवाहातून आल्याचे मानले गेलेल्या काळ्यांशी गोरे रोटीबेटीचा व्यवहार टाळत. म्हणजे आजीच्या कुळाची चौकशी करण्याची रीत धर्मपीठाने नव्याने आणली नव्हती, आणि धर्मपीठाच्या चौकशीने गोऱ्या-काळ्यांना एकाच रांगेत उभे केले तेव्हा, काळ्या घरांना तो प्रश्न मुळीच अनोळखी नव्हता.